खेळातला दोष आणि माणसातला

माणसाने आपले दोष काढून टाकावेत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण दोष काढताना त्याच्या मुळाशी गुंतलेला गुणही उपटला जात नाही ना, हा प्रश्न मला अलीकडे बुद्धिबळामुळे पडू लागला आहे.

आमचे एक स्नेही निपाणीच्या तंबाखू वखारीत उभा जन्म हिशेब लिहून आता घरी बसले आहेत. जेवणे आटोपली की नातवाच्या मोबाईलवर कुठल्या तरी परमुलखातल्या अनोळखी माणसाशी डाव मांडतात. मी शेजारी बसून पाहतो. त्यांची सुरुवात कच्ची. किल्लेकोट करायला उशीर करतात, वजिराला वजीर द्यायला जिवावर येते. पण पटावर राजा आणि चार प्यादी उरली की हा माणूस वेगळाच! घाई नाही, कंटाळा नाही. दिडकीचा हिशेब लागेपर्यंत न उठणारा जुना मुनीम तिथे दिसतो.

डाव संपला की यंत्र चुकांची यादी दाखवते. नातू म्हणतो, "आजोबा, पहिल्या दहा खेळ्या पाठ करा की!" आजोबा हसतात, "मग खेळणार कोण रे, मी की पुस्तक?"

दोघांचेही खरे आहे. पंजाबातला मीर सुलतान खान देशी पद्धतीने खेळायला शिकला. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर चाले. १९२९ साली तो विलायतेस गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद त्याने पटकावले. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकालाही हरवले. सुरुवातीच्या शास्त्रात तो कच्चा, शेवटाला मात्र भलेभले गारद होत. मला वाटते, जी संथ शिकवण त्याला सुरुवातीला आड आली, तिनेच शेवटाला धीर दिला. १९६६ साली तो वारला. जागतिक संघटनेने ग्रँडमास्टरचा मान दिला तो २०२४ साली!

आपल्या बोलीचेही असेच नाही का? बेळगावचा माणूस "मी काम केलो" म्हणतो. पुण्याचा पाहुणा व्याकरणाची चूक काढतो. पण त्या 'केलो'मागे दोन भाषांत एकाच वेळी नांदण्याची हातोटी आहे. परीक्षेच्या पेपरात ते सुधारावे. ओसरीवर त्याची लाज कशाला?

म्हणून सगळेच दोष खपवून घ्यावेत, असे मात्र नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढले. तशा मंडळात दोघे समोरासमोर बसतात, भोवती पाहणारे असतात. मोबाईलवर समोर कुणीच नसते. १९९७ साली संगणकाने कास्पारोव्हला हरवले तेव्हा जग थक्क झाले. आज खिशातले यंत्र जगज्जेत्यालाही भारी पडते. त्याला गुपचूप विचारून खेळी केली तर कोण पाहतो? हरत आलेला डाव न सोडता समोरच्याला घड्याळाकडे बघत ताटकळत ठेवले, तरी नाव कुणाला कळते? ही काही खेळाची शैली नव्हे.

तेव्हा दोष तीन जातींचे. हाताचा दोष सरावाने जाईल तेवढा घालवावा. स्वभावाचा दोष ओळखून जपून वागवावा, कारण त्याच्या पोटी गुण असतो. आणि नीतीचा दोष मात्र, कुणी पाहो न पाहो, मुळासकट उपटावा. त्याच्या पोटी काहीच नसते. आमचे स्नेही पहिल्या दोषाने रोज हरतात, दुसऱ्याने कधीमधी जिंकतात. तिसऱ्याच्या वाटेला जाताना मी त्यांना पाहिले नाही. नातवाने दहा खेळ्यांबरोबर हेही पाठ करावे.

आपण या खेळाला बुद्धिबळ म्हणतो, कन्नड शेजारी चदुरंग म्हणतात. एका नावात बुद्धी आहे, दुसऱ्यात चतुरंग सेना. शील दोन्हींत नाही. ते खेळणाऱ्याने घरून आणायचे असते.