हक्काच्या माणसांचे आभार

मित्राचे आभार मानावेत का? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. दोस्तीत थँक्यू-बिंक्यू नसतं. कुणी म्हटलंच, तर समोरचा विचारतो, 'आता परका झालास का?' मित्र म्हणजे हक्काचा माणूस. आणि जे हक्काचं, त्याचे आभार कसले? स्वतःच्या विहिरीचं पाणी प्यायल्याबद्दल कुणी कुणाला धन्यवाद देत नाही.

पटतं हे. पण कोरोनानंतर मित्र परत मिळाले तेव्हा जे वाटलं, ते या उत्तरात बसत नाही.

मी म्हसावदचा. शहादा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. इथं भेटायचं ठरवावं लागत नाही. बाजारात, एसटीची वाट बघताना, चहाच्या टपरीवर माणसं भेटतच असतात. 2020 ची होळी 9 मार्चला पेटली आणि 24 मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आधी 21 दिवसांची, मग वाढतच गेली. बाजार बंद, एसटी बंद. कॉलेज मोबाइलमध्ये शिरलं आणि डोंगरातल्या पाड्यांवर रेंज नसल्यामुळे तिथले मित्र कॉलेजसकट दिसेनासे झाले. 2021 ची होळीसुद्धा निर्बंधांतच गेली.

अॅरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये मैत्रीवर दोन आख्खे भाग लिहिले आहेत. त्यात तो म्हणतो की, माणसं लांब गेल्याने मैत्री मोडत नाही, फक्त तिचा वापर थांबतो. पण ताटातूट फार लांबली तर मैत्रीचाच विसर पडतो. आमच्याकडे नेमकं हेच होऊ लागलं होतं.

राज्यातले सगळे निर्बंध 1 एप्रिल 2022 पासून उठले. पण बाजार भरला म्हणून मैत्री आपोआप सुरू होत नाही. मधल्या काळात कुणाचं लग्न झालं, कुणाची शाळा सुटली, कुणाचे वडील गेले. नियमच असे होते की मौतीलाही सगळ्यांना जाता येत नव्हतं. दोष कुणाचाच नव्हता, तरी संकोच उरतोच. इतकं सगळं एकमेकांशिवाय घडून गेल्यावर पहिला शब्द काय बोलायचा?

माझ्या एका मित्राचे वडील त्या काळात गेले. नंतर शहाद्याच्या एसटी स्टँडवर तो दिसला. मी शब्द शोधत होतो, तेवढ्यात तोच जवळ आला आणि म्हणाला, 'कथा व्हता रे इतला दिन?' कुठे होतास इतके दिवस? सगळे कुठे होते हे त्याला माहीत होतं. उत्तराची वाट न बघता त्याने माझी पिशवी उचलली आणि गाडीत जागा धरायला पुढे गेला.

त्याने माझ्यासाठी काय केलं? पैसे दिले नाहीत, संकटातून सोडवलं नाही. पण पहिलं पाऊल त्याने टाकलं आणि हिशेब मांडला नाही. त्याला मांडता आला असता. दुःख त्याच्या घरात झालं होतं, आणि अवघडलो होतो मी.

'आभार' या शब्दात 'भार' दिसतो, म्हणून मैत्रीत तो जड वाटत असेल. 'कृतज्ञ' हा शब्द वेगळा आहे. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. यात फेडायचं काही नाही, फक्त ओळखायचं आहे. मैत्रीतला हक्क सातबाऱ्यावर नोंदवलेला नसतो. तो समोरचा माणूस आपल्याला देतो, आणि खंड पडला तर त्याला तो पुन्हा द्यावा लागतो. हे ओळखल्याने मित्र परका होत नाही.

याची दुसरी बाजू कठीण आहे. एक मित्र सुरतला गेला, तो परतला नाही. मेसेजला निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. मैत्री हा पक्का हक्क असता, तर तो माझा देणेकरी ठरला असता आणि मी तक्रार करत बसलो असतो. पण परतणं हे देणं नसून देणगी असेल, तर न देणाऱ्याने माझं काही बुडवलेलं नाही. वाईट वाटतं, ते वाटणारच. राग मात्र धरवत नाही.

सातपुड्यात माणसं दरवर्षी दुरावतात. दिवाळीनंतर अनेक पाड्यांवरची घरंच्या घरं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. होळीआधीच्या आठवडी बाजारांना भोंगऱ्या म्हणतात. तिथं ढोल वाजतात, बासऱ्या वाजतात, पांगलेली माणसं पुन्हा भेटतात. कुणी कुणाला थँक्यू म्हणत नाही. पण आलेला माणूस येणारच होता, असंही कुणी धरून चालत नाही. म्हणून तर ढोल वाजतो.

तुमच्याही फोनमध्ये असं एखादं नाव असेल, ज्याच्याशी शेवटचं बोलणं 2020 मधलं आहे. आधी कुणी फोन करायचा, हे ठरवत बसू नका. माझ्या वेळी दुसऱ्याने पुढाकार घेतला होता. सुरतच्या नंबरवर आता मीच अधूनमधून फोन लावतो.