पाहिलेली नदी, कल्पिलेली नदी
व्हेनिसचा चित्रकार कानालेत्तो (1697–1768) याने आपल्या एचिंग-संग्रहाच्या शीर्षकातच सांगून टाकले आहे की, यातली काही दृश्ये स्थळावरून घेतलेली, तर काही कल्पिलेली आहेत. ब्रेंटा नदीकाठचे दोलो गाव खरे. काही काठ मात्र निव्वळ मनातले. मग सत्य कोणते?

एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईची रेघ. उघडा पडलेला धातू आम्लाने खाल्ला, की त्या चरांत शाई भरून ती कागदावर उतरवायची. खऱ्या आणि कल्पित, दोन्ही काठांना हीच थरथरती रेघ मिळाली. पाण्यावरची चकाकी म्हणजे तर शाई न लागलेला कोरा कागद, तरी डोळ्यांना ऊन दिसते. प्लेटो याला सत्यापासून दुरावलेली नक्कल म्हणेल. पण कल्पित काठावरचा हा प्रकाश कानालेत्तोने व्हेनिसच्या कालव्यांवर वर्षानुवर्षे निरखला होता. त्याला नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे.