बुडखा

कांदा चिरताना मुळांचे वाळके झुपके असलेले बूड आपण कापतो आणि कचऱ्यात टाकतो. कांद्याचे खरे खोड म्हणजे तीच चकती. आपण खातो त्या पाकळ्या म्हणजे अन्न साठवून जाड झालेली पाने. नवी मुळे आणि नवी पात फुटते ती बुडातूनच. स्वयंपाकघरात सर्वांत आधी फेकला जातो तो भाजीचा सर्वांत जिवंत भाग, हे एकदा लक्षात आले की सुरी जरा थांबते. बटाट्याचा डोळा, आल्याचा कोंब, हेही असेच जिवंत.

कांद्याचे बूड थोडे जाड राखून कापावे आणि ओलसर मातीत अर्धे पुरावे. थोड्याच दिवसांत पिठल्यावर भुरभुरायला पात मिळते. कोंब आलेला हिरवट बटाटा खाऊ नये, पण मातीला तो चालतो. आल्याचे मात्र मला फार अप्रूप आहे. वैशाखात डोळा असलेला तुकडा पसरट कुंडीत लावायचा आणि पाला पिवळा पडून वाळेपर्यंत, म्हणजे आठ-नऊ महिने, थांबायचे. भाजीवाला मिरच्यांसोबत आल्याचा तुकडा सहज पिशवीत टाकतो. त्यामागे साताऱ्याकडच्या एखाद्या शेतात अख्खा पावसाळा आणि हिवाळा गेलेला असतो. ते कुंडीशी थांबल्यावर कळते.

सगळेच पुन्हा उगवते, असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. गाजराच्या शेंड्यापासून गाजर येत नाही. त्याला पाला फुटतो, पुढे जमल्यास फुले आणि बी. गाजर असो की कांदा, पहिल्या हंगामात झाड पोटाशी अन्न साठवते आणि दुसऱ्या हंगामात ते बियांसाठी खर्च करते. शेतकरी बियाण्यासाठी कांदेच पुन्हा लावून डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, घेतात ते याच कारणाने. कोथिंबिरीची जुडी मुळांसकट रोवण्यापेक्षा धणे रगडून पेरलेले बरे.

घरच्या घरी भाजी पिकवण्यात नवे काही नाही. मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ वाढवणारी परसदारे आपल्याकडे होतीच. शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या ‘प्रयोग परिवारा’चे श्री. अ. दाभोलकर तर दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे भागू शकते, असे आग्रहाने मांडत. आपल्या वाट्याला खिडकीची जाळी आली आहे, तिच्यावर घर चालणार नाही. महिन्याचा भाजीखर्चही फारसा उतरणार नाही. तरीही ज्या घरातल्या मुलांनी बुडख्याला पात फुटताना पाहिली आहे, त्या घरात ताटात भाजी टाकणे अवघड होते, असे मला मनापासून वाटते. एवढ्यासाठीच प्रत्येक घरात एक तरी कुंडी असावी.

सुरुवात पुदिन्यापासून करा. चटणीसाठी पाने खुडली की जाड काड्या फेकू नका. खालची पेरे बुडतील एवढ्या पाण्यात त्या उभ्या ठेवा आणि पाणी दिवसाआड बदला. पांढरी मुळे बोटभर झाली की मातीत लावा. कुंडी स्वतंत्र घ्या. पुदिना पसरतो आणि शेजारच्या रोपाला जागा उरू देत नाही.