दुसरं मॅगझिन

माझ्या मामाकडे पिस्तूल आहे. कॉलेजात हे सांगितलं की समोरचा जरा मागे सरकतो, म्हणून आधीच खुलासा करते. मामा गुंड नाही आणि पुढारीही नाही. लष्करातून रिटायर झाल्यावर तो सोलापुरात एका सराफाकडे बरीच वर्षं सुरक्षारक्षक होता. तेव्हा त्याने रीतसर परवाना काढून सरकारी आयुधनिर्माणीत बनलेलं पॉइंट थ्री टूचं पिस्तूल घेतलं. आता तो मोहोळ तालुक्यात शेतावर राहतो आणि ते पिस्तूल कपाटात कुलूपबंद असतं.

आमचं भांडण पिस्तुलावरून झालं नाही. त्याने दुसरं मॅगझिन घेतलं, त्यावरून झालं.

मी म्हणाले, "मामा, एका मॅगझिनमध्ये ज्याचं भागत नाही, त्याला अजून किती माणसं मारायचीत?"

तो चिडला नाही. त्याने रिकामं मॅगझिन माझ्या हातात दिलं. पत्र्याची लांबट डबी, आत स्प्रिंग, बस. "ही कड बघ. पडून जरा वाकली, नाहीतर स्प्रिंग मलूल झाली, की गोळी नीट वर चढत नाही. पिस्तूल ठणठणीत, तरी अडतं. पिस्तुलात पहिलं काय बिघडत असेल तर हेच, पोरी."

मला पटलं नव्हतं, पण नंतर विचार करत राहिले. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं. त्या प्रकारात रॅपिडच्या फेरीत पाच गोळ्या असतात आणि प्रत्येकीला फक्त तीन सेकंद. तिथे जास्तीचं मॅगझिन जवळ असलं तर कुणी खेळाडूला खुनशी म्हणत नाही. मग मामाला मी का म्हणाले? कारण त्याच्या पिस्तुलासमोर मी कागदाच्या लक्ष्याऐवजी माणूस उभा केला होता. तो उभा करणं चुकीचं आहे असंही नाही. घरातलं पिस्तूल शेवटी माणसासाठीच असतं, आणि ते घरात असावं का, यावर माझं मत अजून 'नाही' असंच आहे. पण ते असेलच, तर ऐन वेळी अडलेलं पिस्तूल घाबरलेल्या हातांनी हलवत-झटकत बसणारा माणूस मला जास्त धोक्याचा वाटतो.

शिवाय आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. परवान्यावर काडतुसं किती बाळगायची ते लिहिलेलं असतं. एकावेळी किती आणि वर्षभरात किती, दोन्ही. मॅगझिनं चार घेतली तरी काडतूस एकाने वाढत नाही. बंदुकांचंही तसंच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं चालतात. म्हणजे मामाने मारण्याची ताकद वाढवली नव्हती, बिघाडाची सोय केली होती. हा फरक मला आधी दिसलाच नव्हता.

'मॅगझिन' हा शब्द मूळ अरबी 'मखझन'वरून आला. मखझन म्हणजे कोठार. आपला 'खजिना' त्याच धातूतला. (तुम्ही हे ज्यात वाचताय तेही मॅगझिनच. १७३१ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने नियतकालिकाला ते नाव दिलं.) कोठार म्हटलं की मला रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आठवतं. गडावर झरा असला तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नका, वेगळी टाकी बांधून पाणी राखा, असं ते बजावतात. लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात आणि पाणी तर जास्त लागतं, हे त्यांचं कारण.

सोलापूरकराला हे शिकवावं लागत नाही. उजनी धरण भरलेलं असलं तरी नळ चार-पाच दिवसांनी येतो. त्यामुळे आमच्या गल्लीत प्रत्येक दारात निळे बॅरल. ते भरण्यात कुणाला भीती दिसत नाही, लोभ दिसत नाही. तो संसार असतो.

पण मी दहावीत असताना एका उन्हाळ्यात नळ लांबला. दुपारी समोरच्या काकू कळशी घेऊन आल्या. आई घरी नव्हती. मी दारातच म्हणाले, "काकू, आमच्याकडे पण संपलंय." मागच्या पडवीत बॅरल भरलेले होते. काकूंनी आत डोकावलंसुद्धा नाही. "बरं बाळा," म्हणाल्या आणि गेल्या. त्या पाण्याचं पुढे काय झालं ते आठवत नाही. बहुतेक फरशी पुसली असेल.

म्हणजे साठा ठेवणं चांगलं की वाईट, हा माझा प्रश्नच चुकीचा होता. पाणी जिवासाठी असतं, तरी मी त्याचं वाईट केलं. तेही लपवून.

२०२४ च्या लोकसभेच्या आचारसंहितेत परवानाधारकांना शस्त्रं जमा करायला सांगितलं, तेव्हा मामाला स्कूटीवर मीच घेऊन गेले. चौकीत हवालदाराने पिस्तूल पाहिलं, नंबर ताडला, काडतुसं मोजली आणि पावतीवर लिहिलं : पिस्तूल एक, मॅगझिन एक. मामाने खिशातून रुमालात गुंडाळलेलं दुसरं काढून टेबलावर ठेवलं.

"राहू द्या की काका, रिकामंच आहे. कोण विचारतंय?"

"तुम्ही नाही विचारणार. लिहा दोन."

हवालदाराने कंटाळून एकाचे दोन केले आणि शेजारी सही केली. मामाने पावती दोनदा वाचून घडी घातली.

परत येताना मी काही बोलले नाही. घरी आई पडवीत नळी धुत होती, पाणी यायची वेळ झाली होती. मी तिला काकूंची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. म्हणाले, दोन बॅरल भरलेले होते गं तेव्हा.

आईने नळी झटकली. "तीन होते," ती म्हणाली.