चाल त्याची

चंद्रपूरच्या जन्माची दंतकथा कुत्र्यापासून सुरू होते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह शिकारीला निघाला असताना त्याला विपरीत दृश्य दिसलं: कुत्रा पुढे पळतोय आणि ससा त्याच्या मागे लागलाय. सशाच्या कपाळावर पांढरा चांद होता. वळणं घेत बराच वेळ पळापळ चालली आणि शेवटी कुत्र्यानं उलटून सशाला मारलं. राणी म्हणाली, हे दोघं ज्या वाटेनं धावले त्याच वाटेवर तट बांधा. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या दरवाज्यांचा, सुमारे ११ किलोमीटरचा परकोट आजही उभा आहे. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्यावरची झाडंझुडपं काढून तो मोकळा केला.

अशा गावात म्हाताऱ्या कुत्र्याचा वाढदिवस करायचा, तर केक आणि टोपीपेक्षा त्याला फिरायला नेणं जास्त शोभतं. पण जो जीव वर्षं मोजतच नाही, त्याचा वाढदिवस त्याचा असतो की मोजणाऱ्याचा?

मोजणाऱ्याचाच असतो, आणि म्हणूनच जबाबदारीही मोजणाऱ्याची. लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या गणितानं दहा वर्षांचा कुत्रा साधारण अडुसष्ट वर्षांच्या माणसाएवढा भरतो. घरातलं मूल पहिलीत गेलं तेव्हा आणलेलं पिल्लू, त्याच्या दहावीच्या परीक्षेला म्हातारं झालेलं असतं. कुत्र्याला हे ठाऊक नसतं. घरच्यांना असतं.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात जबाबदारीचा हाच प्रश्न धर्माचा होऊन येतो. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी आणि चार भाऊ एकेक करून पडले. युधिष्ठिरामागं उरला तो हस्तिनापुरापासून चालत आलेला कुत्रा. रथ घेऊन आलेला इंद्र म्हणाला, कुत्रेवाल्यांना स्वर्गात जागा नाही, याला सोड. युधिष्ठिर नाही म्हणाला. भावांना सोडलंस, पत्नीला सोडलंस, मग कुत्र्यापाशीच का अडतोस, असं इंद्रानं विचारल्यावर त्यानं दिलेलं उत्तर फार मोलाचं आहे: ते मेल्यावर मी पुढे निघालो, त्यांना उठवणं माझ्या हाती नव्हतं, हा जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर आहे. कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म, हे नंतर उलगडलं. नकार देताना युधिष्ठिरापुढं होतं ते फक्त एक कुत्रं, आणि त्या नकाराची किंमत त्यातच आहे.

गडचिरोली जिल्ह्यात हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे यांचं प्राण्यांचं अनाथालय असंच एका होकारातून उभं राहिलं. पोटासाठी मारलेल्या माकडिणीचं जिवंत पिल्लू त्यांनी शिकाऱ्यांकडून मागून घेतलं. घेतलं म्हणजे शेवटपर्यंत सांभाळायचं. म्हातारा झाला, घरभर मुततो म्हणून कुत्रा दूर नेऊन सोडणाऱ्यांनी हे आठवावं. असं सोडणं हा उघड अधर्म आहे.

वाढदिवस कसा करावा, हे विदर्भाला कुणी शिकवायला नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून झिजलेला भाग नेमका तोच. आणि पोळ्याला त्याला कामाला जुंपत नाहीत. सण धन्याचा असला तरी त्या दिवसाचा हिशोब जनावराच्या शरीरावरून होतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे झिजतात ते मागचे पाय. तेव्हा अंतर निम्मं करावं आणि चाल त्याची धरावी. नजर मंदावली तरी नाकाची गोडी राहते. ड्युरान्टन आणि होरोविट्झ या संशोधिकांनी २०१९ साली दाखवलं, की दोन आठवडे वास शोधण्याचे खेळ खेळलेली कुत्री, मालकाच्या पायाशी पाय लावून चालायला शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा जास्त आशावादी वागतात. एका झुडपापाशी तो दहा मिनिटं रेंगाळला, तर ती दहा मिनिटं हाच त्याचा सण.

मात्र ही फेरी जंगलात नको. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं ताडोबा वाघांचं घर आहे, आणि तिथल्या जिवांचाही धर्म पाळावा लागतो. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या अनेकांत डिस्टेम्परचा विषाणू सापडला. हा रोग कुत्र्यांतही पसरतो. उलट बाजूनं, अकोले तालुक्यातल्या एका अभ्यासात बिबट्यांच्या भक्ष्यात वजनानं सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावकुत्र्यांचा निघाला. म्हातारं कुत्रं पळूही शकत नाही.

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुत्रेवाल्यांना विनंती: लस टोचलेली असू द्या, गळ्यात पट्टा आणि हातात साखळी ठेवा, रानालगत अंधार-उजेडाच्या वेळी जाऊ नका. उन्हाळ्यात इथला पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा तापलेल्या डांबरावर त्याला चालवू नका. पाणी सोबत घ्या. आणि तो वाटेत बसला, तर साखळी ओढू नका, तुम्हीही बसा.