फुकटातला बीच

कसारा लोकलने उंबरमाळीला उतरलं की जंगल सुरू होतं. तिथून पुढे भातसा धरणाच्या पाण्याकाठी पोचल्यावर मित्र म्हणाला, "हा आपला फुकटातला बीच!"

फुकटातला? तानसा १८९२ पासून आणि पुढे भातसाही, हे शहापूर तालुक्यातलं पाणी मुंबई पिते. त्याच तालुक्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

मग इथे येऊच नये का? मला तसं वाटत नाही. न येणाऱ्याच्या नळालाही हेच पाणी येतं. आपण नुसतं अपराधी वाटून घेतल्याने कुणाचा हंडा भरत नाही.

आपण इथले पाहुणे नाही, देणेकरी आहोत. देणेकऱ्याने सुट्टी जरूर घ्यावी; पण पाड्यांना आधी पाणी द्या, अशी मागणी होईल तेव्हा आपण कुणाच्या बाजूने बोलतो, तिथे खरा हिशेब होतो.