खरकटी ताटं आणि पाझर तलाव

बारामतीला बाहेरचा माणूस येतो तो ऊस, द्राक्षं, कॉलेजं नाहीतर राजकारण पाहायला. ऑस्ट्रेलियातून माणसं इथे मुक्कामाला आली होती, असं सांगितलं तर आजची मुलं थट्टा समजतील. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथल्या ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाच्या मिशनने बारामतीत ठाणं मांडलं आणि पुढे इंदापूर, दौंड, श्रीगोंदा या पट्ट्यात काम वाढवलं. शाळा, वसतिगृह, दवाखाना. समुद्र ओलांडून आलेल्या या माणसांना कऱ्हाकाठचा उन्हाळा काय वाटला असेल कोण जाणे. तरी ती टिकली, हे खरं.

मात्र त्यांनी हाती घेतलेलं एक काम मला अजून खुपतं. 1871च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि पुढे त्यांच्यासाठी वसाहती काढल्या. त्यांना लोक ‘सेटलमेंट’ म्हणत. सोलापूरची सेटलमेंट सर्वांना ठाऊक आहे. बारामतीलाही एक होती आणि तिचा कारभार मिशनच्या हाती होता. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. आत शिक्षण होतं, कामधंदा होता, औषधपाणी होतं. चालवणारे निर्दय होते असं मी म्हणणार नाही. पण फाटकाची किल्ली त्यांच्याकडे होती आणि ती सरकारने दिलेली होती. सेवेच्या इच्छेने आलेला पाहुणा बघता बघता घरमालक झाला आणि घरातली माणसं त्याची कैदी. तो कायदा 1952 साली रद्द झाला. शिक्का त्यानंतरही पुसला गेला नाही.

हे सगळं डोक्यात आलं ते स्वित्झर्लंडमध्ये. मुलगी तिकडे असल्यामुळे ‘को’ नावाचं डोंगरावरचं गाव पाहणं झालं. माँत्रहून दातेरी रुळांवरची गाडी वर चढते, खाली जिनिव्हा सरोवर पसरलेलं. तिथे एक अवाढव्य जुनं हॉटेल आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर, 1946 साली, काही स्विस कुटुंबांनी ते विकत घेतलं आणि फ्रँक बुकमन यांच्या नैतिक पुनरुत्थानाच्या चळवळीला दिलं. बुकमन अमेरिकन ल्युथरन पाद्री. तरुणपणी ते वायएमसीएचे विद्यार्थ्यांमध्ये काम करणारे चिटणीस होते, म्हणजे आजच्या भाषेत ख्रिस्ती युवा कार्यकर्ते. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखलेले फ्रेंच आणि जर्मन त्यांनी त्या हॉटेलात एका टेबलाशी बसवले.

मला तिथलं प्रवचन लक्षात नाही, भटारखाना लक्षात आहे. भाजी चिरायला, वाढायला, ताटं धुवायला शिबिराला आलेल्या पाहुण्यांच्याच पाळ्या. हीच पद्धत आपल्या पाचगणीच्या ‘एशिया प्लॅटो’तही आहे. राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने 1968 साली सुरू झालेलं हे केंद्र त्याच चळवळीचं. युरोपात ताटं धुण्यात फार तर श्रीमंताचा अहंकार विरघळत असेल. आपल्याकडे ती बाब कितीतरी अवघड आहे. कोणाचं उष्टं कोणी काढायचं यावर इथे हजारो वर्षांची व्यवस्था उभी राहिली. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या पाटलाच्या पोराने अनोळखी माणसाचं खरकटं हसत धुतलं, तर त्या एका पाळीत दहा व्याख्यानांचं काम होतं.

पण ते पोर डोंगर उतरून गावात आलं की पुन्हा आईच ताट उचलते. डोंगरावरच्या शिबिरांची गोम इथेच आहे. तिथे आडनावं विसरायची सोय असते, कारण ती लक्षात आणून देणारं कोणी आसपास नसतं. शिवाय या चळवळीचा भर स्वतःच्या दोषांच्या कबुलीवर. मी खोटं बोललो, मी वडिलांवर राग धरला. कबुली चांगलीच; पण दुसऱ्याच्या वाट्याच्या पाण्यावर डल्ला मारणाऱ्याने खोटं बोलल्याची माफी मागून पाणी आपल्याकडेच ठेवलं, तर खालच्या शिवाराला काय मिळालं?

त्यामुळे मला बुकमनपेक्षा पिएर सेरेझोल जवळचा वाटतो. हा स्विस इंजिनिअर ख्रिस्ती शांततावादी होता. लष्करासाठीचा कर नाकारून तुरुंगात गेलेला. 1920 साली त्याने व्हर्दूनजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात निरनिराळ्या देशांतल्या स्वयंसेवकांना घेऊन घरं उभी करायला घेतली. त्यांत जर्मनही होते. गावाला ते नको होते, आणि काही महिन्यांत काम गुंडाळावं लागलं. इतकी उदात्त कल्पना, पण गावाचा होकार नव्हता! पुढे 1934च्या भूकंपानंतर सेरेझोल बिहारमध्ये आला, तेव्हा पुरात बुडणारी गावं उंचावर हलवायच्या कामात तो इथल्या लोकांसोबत राबला.

बारामतीतही याच जातीचं काम झालं, आणि त्यातही चर्चचा हात होता. 1960च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळाने जिरायती पट्टा होरपळला, तेव्हा ‘कासा’ या भारतीय चर्चच्या मदतसंस्थेकडून गहू आणि गोडेतेल आलं. ते वाटून टाकलं असतं तर महिन्या-दोन महिन्यांत संपलं असतं. इथल्या लोकांनी ते मजुरी म्हणून दिलं आणि त्या मजुरीवर पाझर तलाव बांधले. त्यातूनच इथे शेती-पाण्याचं काम करणाऱ्या आप्पासाहेब पवारांच्या कामाला आकार आला आणि 1971 साली कृषी विकास प्रतिष्ठान उभं राहिलं. धान्य परक्याचं, पण तलाव कुठे खणायचा ते गावाने ठरवलं. सेटलमेंट चालवणाऱ्यांचा धर्म आणि गहू पाठवणाऱ्यांचा धर्म एकच. फरक पडला तो किल्ली कोणाकडे होती याने.

आता आपली मुलं अशा शिबिरांना परदेशी जातात, तिकडचे तरुण इकडे येतात. येणाऱ्यांना भिगवणचे रोहित दाखवावेत, जेजुरीलाही न्यावं. पण कोणी विचारलंच, तर मी त्यांना इंदापूरच्या जिरायती गावांत मे महिन्यात बोलावीन. पाझर तलाव गाळाने भरलेत, गाळ काढून शेतात टाकायचा असतो. सकाळी सहा ते दहा काम, नंतर ऊन सोसवणार नाही. राहायचं शाळेत, जेवण गावातल्या बायका ठरवतील ते, ताटं ज्याची त्याने धुवायची, गावातल्या पोरांनीसुद्धा. आणि मुकादम गावचाच हवा. एखादी रोजगार हमीवर राबलेली म्हातारी असेल तर फारच उत्तम. कोणाच्या पाटीत किती माती आहे, हे तिला लांबूनच कळतं.